स्ट्रोकनंतर बाबांचा खांदा भयंकर दुखतोय, पुलीचा व्यायाम चालू ठेवू की बंद करू?

जागरणकर

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. बाबा ६८ वर्षांचे, अडीच महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला, मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी होती त्यामुळे शरीराची डावी बाजू गेली. पाय त्या मानाने लवकर सुधारला, हातात काठी दिली आणि एकाने धरलं की बाथरूमपर्यंत जातात. हात मात्र लुळाच आहे, नुसता लोंबकळतो.

पहिला दीड महिना हाताला दुखणंच नव्हतं. आता तीन आठवडे झाले, डावा खांदा असा दुखतो की रात्री दोन-अडीचला हाक मारून उठवून बसवायला सांगतात. शर्ट घालताना ओरडतात आणि माझे बाबा ओरडणाऱ्यातले नाहीत. फिजिओसाठी येतो त्या मुलाने दाराला पुली अडकवून दिलीय, चांगल्या हाताने दोरी ओढायची आणि लुळा हात वर न्यायचा, दिवसातून ५० वेळा. दुखलं तरी करा नाहीतर खांदा जाम होईल म्हणाला. आई म्हणते बंद कर हे छळ, भाऊ फोनवरून म्हणतो लाड करू नका, मी मधे.

तर प्रश्न असा की हे चालू ठेवायचं का? आणि ते टेन्स मशीन, टेप, इंजेक्शन, बोटॉक्स यातलं नक्की कशाने काय होतं? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा. आज फार लिहवत नाहीये.

उंटावरून_शेळ्या

ताई, काळजी करू नका. माझ्या काकांचा खांदा असाच जाम झाला होता, हात कानापर्यंत जायचा नाही. दोन महिने पुली केली दात-ओठ खाऊन, आता एकदम मोकळा. थोडं दुखणारच हो. तुमचा भाऊ बरोबर सांगतोय.

फिजिओताई

उंटावरून, तुमच्या काकांना स्ट्रोक झाला होता का? नसणार. त्यांचा साधा फ्रोझन शोल्डर, दंडाचे स्नायू शाबूत, हात वर जाताना खांद्याची बाकीची मंडळी आपापलं काम करत होती. इथे प्रकरण वेगळं आहे.

जागरणकर, पुली आजच काढा. मी १४ वर्षं न्यूरो पेशंटच बघते आणि यावर माझं मत मवाळ नाही. का ते सांगते, थोडं लांबेल.

खांदा हा उखळीचा सांधा, पण उखळ अगदी उथळ, त्यावर बसलेला दंडाच्या हाडाचा गोळा उखळीच्या मानाने तिप्पट-चौपट मोठा. म्हणजे बशीवर चेंडू ठेवल्यासारखं आहे. चेंडू जागेवर राहतो तो मुख्यतः भोवतीच्या चार छोट्या स्नायूंमुळे, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. स्ट्रोकनंतर हे चौघंही झोपलेले आणि खाली अख्ख्या हाताचं वजन लटकतंय.

आता दुसरी गोष्ट. आपण हात सरळ डोक्यावर नेतो तेव्हा साधारण १८० अंशांपैकी १२० सांध्यातून येतात आणि ६० पाठीमागचं खांद्याचं पातं फिरल्यामुळे. शिवाय वर जाताना दंड बाहेरच्या बाजूला वळावा लागतो. लुळ्या हातात पातं फिरत नाही, दंड वळत नाही, आणि दोरी मात्र हात ओढून वर नेते. मग वरच्या हाडाच्या छपराखाली मऊ भाग चेंगरतो. रोज ५० वेळा चेंगरतो. आणि बाबांच्या त्या बाजूच्या संवेदना अर्धवट असतील तर वेळेवर दुखतही नाही, इजा आधी होते आणि कळ नंतर येते.

१९९० मध्ये २८ पेशंटवर झालेला एक छोटासा अभ्यास आम्हाला कॉलेजात शिकवतात. थेरपिस्टने हाताने व्यायाम दिला त्या गटात ८ टक्के लोकांना खांदेदुखी झाली, टेबलावर चाकाच्या फळीवर हात सरकवणाऱ्यांत १२ टक्के, आणि पुलीवाल्यांत ६२ टक्के. अभ्यास लहान आहे हे मान्य, पण अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०१६ च्या रिहॅब गाईडलाईनमध्येही डोक्यावरची पुली करू नका असंच लिहिलंय. तरी ती दारोदार लटकलेली दिसते कारण पेशंट एकटा करू शकतो आणि थेरपिस्टचा वेळ वाचतो. हे माझ्याच व्यवसायाबद्दल बोलतेय, राग मानणारे मानोत.

पण पुली बंद म्हणजे व्यायाम बंद नाही हां! भाऊ म्हणतो त्यातही अर्धं खरं आहे, हात नुसता ठेवून दिला तर तो आखडतोच.

डावखुरा

एका बोटाने टाईप करतोय. चुका समजून घ्या.
मला स्ट्रोक झाला ४ वर्षांपूर्वी. उजवा हात गेला. नाव तेव्हापासून डावखुरा.
खांदा माझाही दुखला. दुसऱ्या महिन्यात सुरू. सुरी फिरवल्यासारखा. झोपेत कड बदलली की जाग.
मला बेडवरून उठवताना काखेत हात घालून उचलायचे. दोघं जण. प्रेमाने. खांदा त्यानेच गेला असं मला वाटतं, कुणाला सांगितलं नाही कारण तेव्हा बोलता येत नव्हतं.
दुखतं म्हणजे हात जिवंत आहे असं सगळे म्हणायचे. त्यांना एक द्यावीशी वाटायची. डाव्या हाताने.
बाबांना विचारा कधी दुखतं. हलवल्यावर की नुसतं असतानाही. फार फरक आहे.

जागरणकर

पुली काढली. फिजिओच्या मुलाला फोन करून सांगितलं, तो जरा दुखावला पण वाद घातला नाही.

डावखुरा, तुमचं वाचून घशात आवंढा आला. आम्हीही काखेतूनच उचलतो. मीच उचलते. कुणी सांगितलंच नाही हो.

विचारलं बाबांना. हलवल्यावर जास्त, त्यातही हात बाहेरच्या बाजूला वळवला की सर्वात जास्त. रात्री त्या कुशीवर गेले की. नुसतं बसल्यावर जड ओढल्यासारखं वाटतं म्हणाले. आणि मी चाचपून बघितलं, खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली खड्डा लागतो, एक बोट आरामात बसतं. हे निखळलंय का?? आर्म स्लिंग आणून ठेवलीय, ती दिवसभर घालून ठेवू का?

फिजिओताई

तो खड्डा म्हणजे सांधा खाली सरकलाय, पडल्यावर खांदा निखळतो तसा नाही. घाबरू नका आणि कुणाकडून झटका देऊन "बसवून" तर अजिबात घेऊ नका. गंमत म्हणजे खड्डा आणि दुखणं यांची जोडी असेलच असं नाही. दोन बोटं खड्डा असून हसत बसलेले पेशंट मी बघितलेत आणि खड्डा नसून रात्रभर कण्हणारेही. पण लटकता हात आधाराविना ठेवला की आतले मऊ भाग ताणले जातात, म्हणून आधार हवाच.

स्लिंग उभं राहताना आणि चालताना घाला, बसले की काढा. दिवसभर झोळीत हात म्हणजे कोपर वाकलेला, दंड छातीशी, तळवा पोटावर, आणि पुढे स्नायू कडक व्हायला लागले की हात नेमका याच अवस्थेत आखडतो. आपणच त्याला सवय लावून द्यायची कशाला. बसल्यावर मांडीवर उशी किंवा समोर टेबल, कोपरापासून बोटांपर्यंत सगळा हात त्यावर, खांदा वर चढलेला नको आणि खाली लोंबलेलाही नको. व्हीलचेअरवर असतील तर हात चाकाशेजारी लटकत नाही ना ते बघा, डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होणाऱ्या पेशंटना हात कुठे आहे याचा पत्ताच नसतो.

उचलणं: काखेत हात घालायचा नाही, लुळा हात धरून ओढायचं नाही. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि तो धरून उभं करा, किंवा मागून पाठीच्या पात्यावर तळवा ठेवून आधार द्या. घरी जो जो हात लावतो त्या प्रत्येकाला शिकवा, येणाऱ्या पाहुण्यांनासुद्धा. उत्साही पाहुणे सगळ्यात धोकादायक!

कपडे: घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. बटणाचा सैल शर्टच घाला, डोक्यावरून घालायचे टीशर्ट सध्या कपाटात.

झोप: चांगल्या कुशीवर झोपवलं तर दुखरा हात पुढे, छातीसमोर उशीवर. उताणे असतील तर दंडाखाली आणि पात्याखाली पातळ उशी म्हणजे खांदा मागे पडत नाही. दुखऱ्या कुशीवरही झोपता येतं पण पातं पुढे काढून, दंड अंगाखाली चेंगरू न देता, आणि ते कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या, वाचून नको.

व्यायाम: हात टेबलावर ठेवून टॉवेलने पुढे सरकवणे, चांगल्या हाताने आधार देऊन. पातं पुढे-मागे, वर-खाली हलवणे. दंड हळूहळू बाहेर वळवणे, दुखेल त्याच्या अलीकडे थांबायचं. खांद्याच्या उंचीच्या वर, म्हणजे ९० अंशांच्या पुढे, पातं हाताने फिरवता येणारा माणूस नसेल तर न्यायचंच नाही. चेहऱ्याकडे बघत करा, हाताकडे नाही.

निशाचर

+१ फिजिओताई. हे आमच्या आईच्या वेळी वाचायला मिळालं असतं तर...

एक विचारते, बाबांच्या हाताच्या पंजाला सूज आहे का? आईचं खांद्यापासून सुरू झालं आणि मग पंजा सुजला, मनगट दुखायला लागलं, कोपर मात्र ठीक. पंजा कधी लाल गरम, कधी निळसर गार, चादर लागली तरी किंचाळायची. आम्ही आपले महिनाभर खांदा खांदा करत शेकत बसलो. शेवटी कळलं की ते वेगळंच प्रकरण, सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम), जुन्या लोकांत शोल्डर-हँड सिंड्रोम म्हणतात. तिला थोड्या दिवसांचा स्टिरॉईड गोळ्यांचा कोर्स दिला आणि आरशाचा व्यायाम, मधे आरसा ठेवून चांगला हात हलवायचा आणि आरशात बघायचं, मेंदूला वाटतं दुखरा हात हलतोय. मला ते सुरुवातीला जादूटोण्यासारखं वाटलं होतं. पण फरक पडला, गोळ्यांनी किती आणि आरशाने किती ते देव जाणे.

अवांतर: गरम पिशवीने शेकताना जपा. आईला त्या बाजूला गरम कळायचं नाही, फोड आला होता.

साधा_डॉक्टर

रिहॅब मेडिसिनमध्ये काम करतो. ऑनलाईन निदान करणार नाही, पण धागाकर्तीने विचारलंय "कशाने काय होतं" त्याला उत्तर देतो.

मूळ अडचण ही की स्ट्रोकनंतरची खांदेदुखी हा एक आजार नाही, चार-पाच वेगळ्या दुखण्यांना एकच नाव आहे. उपचार विचारायच्या आधी बाबांचं दुखणं यातलं कुठलं हे ठरायला हवं, नाहीतर एकाचं औषध दुसऱ्याला. आणि बऱ्याचदा दोन-तीन एकत्र असतात हीच डोकेदुखी.

सांधा सरकलाय, स्नायू अजून ढिले: आधार, पोझिशनिंग, आणि विजेने स्नायू आकुंचन पावतील असं स्टिम्युलेशन. हे टेन्स नव्हे. टेन्स फक्त मुंग्या आणून दुखण्याची जाणीव कमी करतं, स्टिम्युलेशनमध्ये स्नायू डोळ्यांना दिसेल असा आकसतो, पॅड लावतात वरच्या आणि मागच्या स्नायूंवर. लवकर सुरू केलं तर सांधा खाली सरकणं कमी होतं याला बऱ्यापैकी पुरावा आहे. दुखणं त्यानेच थांबेल असं मात्र कुणी छातीठोक सांगू नये. पेसमेकर असेल तर आधी सांगा.

स्नायू कडक होऊन हात छातीशी आवळला जातोय, बाहेर वळवताना कळ: इथे बोटॉक्स, म्हणजे कडक स्नायू ढिला करणारं इंजेक्शन. छातीच्या मोठ्या स्नायूत किंवा पात्याच्या आतल्या बाजूच्या सबस्कॅप्युलॅरिस स्नायूत. आठवडाभरात कळायला लागतं, साधारण तीन महिने टिकतं, त्या तीन महिन्यांत ताणण्याचे व्यायाम केले नाहीत तर इंजेक्शन वाया. लुळ्या हाताला बोटॉक्सचा उपयोग नाही, तो आधीच ढिला आहे.

सांध्याचं आवरण आकसलंय किंवा छपराखाली सूज: सोनोग्राफी करून बघतात, मग काही वेळा स्टिरॉईडचं इंजेक्शन. त्याचा पुरावा संमिश्र आहे, काहींना छान लागू पडतं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, आधी सांगून ठेवा.

खांद्याच्या नसेचा ब्लॉक, म्हणजे नसेपाशी इंजेक्शन देऊन ती बधिर करणं, सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह ब्लॉक: हा मला स्वतःला आवडतो. २०१३ मध्ये ६४ पेशंटवर नीट तुलना करून अभ्यास झाला, १२ आठवड्यांपर्यंत दुखणं खोट्या इंजेक्शनपेक्षा जास्त कमी राहिलं. इंजेक्शन पाठीमागून, पाच-दहा मिनिटांचं काम.

जळजळ, मुंग्या, हात-चेहरा-पाय अशी अख्खी बाजू दुखणं: हे मेंदूतूनच येणारं दुखणं असू शकतं. त्याला खांदा कितीही चोळा, उपयोग शून्य. गोळ्या वेगळ्या असतात.

साध्या पेनकिलरबद्दल एक. दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून देऊ नका. बाबा रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर असणार, त्यात हे मिसळलं की पोटात रक्तस्रावाचा धोका, शिवाय बीपी वाढतं. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, तीही डोस विचारून. डाव्या खांद्याचं दुखणं अचानक, हात न हलवता आलं आणि सोबत घाम, धाप, छातीत दडपण असेल तर खांदा विसरा, थेट इमर्जन्सी. अख्खा हात एकाएकी सुजला तरी दाखवा, शिरेत गुठळी असू शकते.

उंटावरून_शेळ्या

माघार घेतो. काकांचा साधा फ्रोझन शोल्डरच होता, आत्ता काकूंना फोन करून विचारलं. माझा आयडी उगाच नाही ठेवलेला. :)

पण टेप? क्रिकेटवाले रंगीत पट्ट्या लावतात त्या?

फिजिओताई

दिलदार आहात. टेप मी लावते, ढिल्या खांद्याला पहिल्या आठवड्यांत. आधार थोडा, आठवण जास्त. म्हणजे घरच्यांना पट्टी दिसली की ते हात जपून धरतात, हा माझा अनुभव, विज्ञान म्हणून सांगत नाही. कातडी नाजूक असेल तर सोलते, काढताना सावकाश. ॲक्युपंक्चरने काहींना बरं वाटतं, व्यायामाच्या जोडीला करायचं तर करा, बदल्यात नको.

जागरणकर

पाच आठवड्यांनी येतेय, सॉरी. वाचत होते पण लिहायला बसायला मिळालं नाही.

रिहॅबच्या डॉक्टरांना दाखवलं. पंजाला सूज नाही निघाली (निशाचर, थँक्स, तेच आधी बघितलं). सांधा खाली सरकलेला आणि सबस्कॅप्युलॅरिस कडक व्हायला लागलेला, दोन्ही. सोनोग्राफीत कफच्या एका स्नायूला सूज दिसली, फाटलेलं काही नाही. पुलीमुळे झालं का विचारलं तर म्हणाले मदत तरी नक्की केली नाही. नसेचा ब्लॉक दिला. त्या रात्री बाबा सलग पाच तास झोपले आणि मी मात्र सवयीने दोनला जागी होऊन त्यांच्या श्वासाकडे बघत बसले.

आता नवीन फिजिओ येतात, त्यांनी पहिले दोन दिवस बाबांच्या हाताला हातच लावला नाही, आम्हा तिघांना उभं करून उठवायचं कसं ते शिकवलं. भाऊ आला होता, त्याला पट्टा धरून उठवायला लावलं, घामाघूम झाला, आता फोनवरून सल्ले बंद आहेत.

पूर्ण गेलंय असं नाही. दहापैकी आठ-नऊ होतं ते तीन-चारवर आहे, हवा गार झाली किंवा दिवसभर हात खाली राहिला की वाढतं. हात बाहेर वळवायला अजून दुखतो, पुढच्या वेळी कडकपणा वाढलेला वाटला तर बोटॉक्सचं बघू म्हणाले. बोटं अजून हलत नाहीत. परवा अंगठा हलला असं आई म्हणते, मला दिसलं नाही.

साधा_डॉक्टर

चांगली वाटचाल आहे. ब्लॉकचा असर उतरेपर्यंत जितकं बाहेर वळवणं कमावता येईल तितकं कमवा, दुखणं थांबलंय म्हणून व्यायाम ढिले सोडू नका. आणि अंगठ्याबाबत आईंवर विश्वास ठेवा, दिवसभर त्याच बघत असतात.

डावखुरा

पाच तास झोप. वा.
बाबांना सांगा माझं आता एक-दोनवर आहे. पूर्ण कधीच गेलं नाही. शर्ट स्वतः घालतो. आधी दुखरा हात.
एक विचारायचं होतं. रात्री दंडाखालची उशी माझी सरकते. पहाटे जमिनीवर असते. तुम्ही काय करता?

जागरणकर

उशी नाही ठेवत आता. मोठा टॉवेल गुंडाळून लांब सुरळी केलीय आणि तिचं एक टोक गादीखाली खोचतो. फिजिओंनीच सांगितलं. बाबा तिला "माझा तिसरा हात" म्हणतात.

डावखुरा

आज रात्रीच करतो.